जावई लाईन

कागदावर त्या लाईनीचं नाव रुग्णालय फीडर. पण सबस्टेशनात त्या नावाने तिला कुणीच ओळखत नव्हतं. तिथे ती जावई. बाकीच्या लाईनी तोडायच्या, जोडायच्या, लोकांच्या शिव्या खायच्या. जावयाला मात्र हात लावायचा नाही. त्याचे फक्त लाड करायचे, आणि वर विचारायचं, अजून काही हवं का?

सुरुवातीला असं नव्हतं. लाईन टाकली तेव्हा तिच्यावर एकटा दवाखाना होता. ऑपरेशन चालू असताना लाईट जाऊ नये, एवढी साधी गोष्ट. मग मोठ्या डॉक्टरांचा बंगला त्याच रस्त्यावर आहे असं निघालं. रात्रभर जागणाऱ्या डॉक्टरने घरी गेल्यावर घामात झोपायचं का? बंगला आला. शेजारच्या बंगल्याचं म्हणणं होतं की आमची भिंत एकच आहे. तोही आला. मग पाण्याचे पंप आले, ते ठीकच. मग न्यायाधीशांची वसाहत, पोलिसांची वसाहत, वर्तमानपत्राची कचेरी, कारण ती बोंब मारते. मग बर्फाचा कारखाना, कारण दवाखान्याला बर्फ लागतो. मग सिनेमागृह. ते कसं आलं हे कुणालाच आठवत नाही, पण आलं. मग वीज खात्याच्या आपल्याच माणसांची वसाहत, कारण दिवसभर दुसऱ्यांना उजेड देणाऱ्याच्या घरी अंधार बरा दिसत नाही.

प्रत्येकाकडे कारण होतं. आणि प्रत्येकाचं ऐकून घेतलं की वाटायचं, याचं बरोबर आहे बाबा. अशा बरोबर कारणांनी जावई फुगत गेला आणि एक दिवस सबस्टेशनची निम्मी वीज एकटा गिळायला लागला.

त्याच्यावर सगळ्यात शेवटी आलं ते ताईचं घर.

ताई सबस्टेशनची ऑपरेटर. वयाने फार मोठी नव्हती, पण पॅनेलसमोर बसणाऱ्या बाईला काय म्हणायचं हे तिथल्या पुरुषांना कळेना, म्हणून ताई. साहेबसुद्धा ताईच म्हणायचे. ती राहायची दादा-वहिनीकडे. दादा तिचा सख्खा मोठा भाऊ. ओतशाळेत भट्टीपुढे उभं राहून त्याने फुप्फुसं घालवली होती. नाकात नळी, नळीला मशीन, मशीनला लाईट. हवेतला ऑक्सिजन गाळून द्यायचं ते मशीन. ते चालू असलं की दादा माणसात असायचा. ताई घरी आली की पलंगावरूनच विचारायचा, "काय चिमणे, आज कुणाकुणाला अंधारात ढकललंस?" मशीन बंद पडलं की त्याचे ओठ निळे व्हायचे आणि विनोद संपायचे.

तेव्हा त्यांची गल्ली साध्या लाईनीवर होती. लाईट गेली की वहिनी पलंगाखालून ऑक्सिजनचा सिलेंडर ओढायची, चावी फिरवायची, नळी जोडायची. एकदा चावी फिरेना. वहिनीचे हात घामाने निसटत होते आणि दादा पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखा तोंड उघडत होता. शेवटी फिरली. पण त्या दिवशी ताईने लाईनमनला गाठलं.

लाईनमनला सगळे बगळा म्हणायचे. लांब मान, लांब पाय आणि खांबावर चढला की एका पायावर तोल धरायची खोड.

"बगळ्या, आमच्या गल्लीच्या तोंडावरून जावई जातो. आमच्या घराची वायर त्याच्यावर टाक."

"ताई, तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा."

"बरं झालं," बगळा म्हणाला. "मला वाटायचं सबस्टेशनात तुम्ही एकट्याच वेड्या आहात."

चहा निवायच्या आत वायर टाकून झाली. त्यानंतर दादाच्या घरची लाईट गेली नाही. समोरच्या काकांची जायची, शेजारपाजारची जायची, दादाच्या खिडकीत मात्र पंखा फिरत राहायचा. गल्लीत कुणी उघड काही म्हणालं नाही. सगळ्यांनी फक्त पाहून ठेवलं.

मग उन्हाळा आला, आणि त्या उन्हाळ्यात ती लाट आली.

ऊन सगळ्यांनीच पाहिलंय, पण हे ऊन वेगळं होतं. रस्त्याचं डांबर चपलेला धरून ठेवायचं. तारा तापून खाली लोंबल्या, झाडांना टेकल्या, ठिणग्या उडायला लागल्या. नळाचं पाणी हाताला सोसेना. रात्रसुद्धा निवत नव्हती, त्यामुळे रात्रीही कुणी पंखा, कूलर, एसी बंद करेना. सबस्टेशनात ट्रान्सफॉर्मरवर बगळा पाण्याचा पाइप धरून उभा राहायचा आणि पाणी पत्र्यावर पडायच्या आधीच अर्धं उडून जायचं.

वीज वाहून नेणाऱ्या सगळ्या तारांचं मिळून एक जाळं असतं, आणि त्या जाळ्याला एक नाडी असते. पॅनेलवर ती आकड्यात दिसते. पन्नास. जेवढी वीज बनते तेवढीच लोकांनी वापरली तर पन्नास. जास्त ओढली की आकडा खाली. फारच खाली गेला की वीज बनवणारी केंद्रं आपली यंत्रं जळू नयेत म्हणून जाळ्यातून अंग काढून घेतात. मग उरलेल्यांवर जास्त ओझं. मग तीही पळतात. मग सगळा प्रदेश अंधारात, आणि मेलेलं जाळं पुन्हा उठवायला दिवस जातो. हे होऊ नये म्हणून प्रत्येक सबस्टेशनात सोय केलेली असते: आकडा घसरला की काही लाईनी आपोआप तुटायच्या. थोड्यांचा अंधार, बाकीचे वाचले. चांगली सोय आहे. हुशार माणसांनी केलेली आहे.

जावयाची ती आपोआप तुटायची वायर काढून ठेवलेली होती. दवाखाना होता ना.

आणि जावई फक्त याच सबस्टेशनात नव्हता.

त्या दुपारी मोठ्या नियंत्रण केंद्रातून थेट फोन आला. तिथल्या माणसाला कुणी कधी पाहिलं नव्हतं. वरून नुसता आवाज यायचा, म्हणून त्याला आकाशवाणी म्हणायचे.

"ताई, भार कमी करा."

"सगळ्या लाईनी सकाळपासून बंद आहेत."

"तुमचा निम्मा भार अजून उभा दिसतोय मला."

"तो जावई."

आकाशवाणीने सुस्कारा सोडला. "सगळीकडून हेच ऐकतोय. सगळ्यांनी सगळं बंद केलंय आणि तरी निम्मं जाळं उभं आहे. अहो, एवढे जावई जन्माला घातले कुणी?"

"तुमचं घर कुठल्या लाईनीवर आहे?"

"चेष्टा नका करू, ताई. बायको तिथेच बसलीय एसी लावून." मग तो हळू बोलला. "एक तास. प्रत्येकाने आपापला जावई एक तास काढला, तर ऊन उतरेपर्यंत ओढून नेतो मी. नाहीतर सगळंच बसेल. आकडा बघताय ना?"

ताई बघत होती. तिने साहेबांना फोन लावला.

"मला सगळं माहीत आहे," साहेब म्हणाले. "मला शिकवू नका. मी काढा म्हटलं तर संध्याकाळपर्यंत माझा निकाल लागतो. नको म्हटलं तर संध्याकाळपर्यंत सगळा अंधार होतो. अंधारात निदान सगळे सारखे, ताई. कुणी कुणाला जाब विचारत नाही."

"म्हणजे काढू की नको?"

"मी फोन उचललाच नाही असं समजा." थोडं थांबून ते म्हणाले, "आणि तुमच्या दादाची वायर कुठे टाकलीय, हे मला ठाऊक नाही असं समजू नका."

ताईने फोन ठेवला. साहेबाला शिवी द्यायची तिला फार इच्छा होती. पण शिवी द्यायलाही पायाखाली थोडी कोरडी जमीन लागते.

बरं, तास म्हणजे काही जन्म नव्हे. दवाखान्यात जनरेटर आहे. घरी सिलेंडर आहे. तिने दवाखान्याच्या वायरमनला फोन लावला.

"जनरेटर चालू कर. तासाभरासाठी तुमची लाईन काढतेय."

पलीकडे तो हसला. त्याला खरंच विनोद वाटला. "जनरेटरच्या खोलीत गाद्या भरल्यात, ताई. बॅटरी केव्हाच मेली. डिझेलही नाही. तुमची लाईन जाते कुठे कधी?"

"आज जाणार आहे."

हसू थांबलं. "अहो, आत टेबलावर माणूस उघडा आहे. पोट फाडलेला. अर्धा तास द्या मला. गाद्या बाहेर फेकतो, अँब्युलन्सची बॅटरी काढून लावतो, डिझेल कुठून तरी आणतो. ताई, पाया पडतो, अर्धा तास."

"पळ," ताई म्हणाली, आणि घरी फोन लावला.

"वहिनी, दादाला सिलेंडर लाव. अर्ध्या तासाने लाईट जाईल."

पलीकडून नुसती मशीनची घरघर आली.

"वहिनी?"

"सिलेंडर नाही, वन्सं."

"नाही म्हणजे?"

"समोरच्या काकूंना दिला. त्यांना दम लागतो, त्यांच्याकडे लाईट सारखी जाते. आपल्याकडे धूळच खात होता ना पलंगाखाली. तुमचा दादाच म्हणाला, देऊन टाक, आपल्याला आता कशाला."

"मग आण जा परत! तासाभरासाठी आण!"

"कशी आणू?" वहिनीचा आवाज चिरकला. "काकू सकाळपासून त्याच्यावरच आहेत. तुम्हीच घालवलीत ना त्यांची लाईट? त्यांच्या नाकातली नळी ओढून आणू?"

पॅनेलवर आकडा आणखी थोडा उतरला. बगळा ओल्या कपड्यांनी दारात येऊन उभा राहिला होता. ताईने फोनवर हात ठेवला.

"बगळ्या, गाडी काढ. मिळेल तिथून भरलेला सिलेंडर उचल आणि घरी नेऊन दे. भांड, मार खा, पण आण."

बगळा गेला. फोनमध्ये खसखस झाली आणि मशीनची घरघर जवळ आली. दादाने फोन घेतला होता.

"चिमणे, काय झालं?"

"काही नाही. तू पड."

"वहिनी रडतेय आणि तू म्हणतेस काही नाही." तो दोन शब्दांनंतर थांबत थांबत बोलत होता. "लाईट काढायचीय?"

"हो."

"नाही काढली तर?"

"सगळीच जाईल. सगळ्यांची. उद्यापर्यंत."

दादाने दम घेतला. "मग काढ की. तासाने परत येईल ना? लहानपणी पाण्याखाली… तुझ्यापेक्षा जास्त वेळ… कोण राहायचं?"

"तू खोटं मोजायचास."

"आज तू मोज," दादा म्हणाला. "धरतो श्वास. काढ तू."

"हो, काढते," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

ती उठली. जावयाच्या पॅनेलपुढे उभी राहिली. लाईन तोडायची-जोडायची मूठ धरली. गार पडायला हवी होती ती लोखंडी मूठ, पण त्या दिवशी तीसुद्धा गरम होती. नुसती डावीकडे फिरवायची. हे काम तिने इतक्या लाईनींवर इतक्या वेळा केलं होतं, की हातांनी झोपेतही केलं असतं. सकाळी काकूंची लाईन तिने पेरू कापावा तशी कापली होती.

मूठ फिरली नाही.

का नाही फिरवली, हे ज्याला विचारायचं असेल त्याने आधी आपल्या घरातलं एक माणूस नळीला लावावं आणि मग विचारावं. ताईने स्वतःला सांगितलं, दवाखान्याचा अर्धा तास होऊ दे. बगळा पोचू दे. तेवढं थांबते. कारण बरोबर होतं. आकाशवाणी फोनवर ओरडत होता की सगळेच अर्धा तास मागतायत, एकानेही मूठ फिरवली नाही, कुणाची आई आहे, कुणाचं बाळ काचेच्या पेटीत आहे, कुणाचा मंत्री आहे. "कुणीतरी काढा रे! एकाने तरी काढा!" बोलता बोलता त्याचा आवाज तुटला.

मग आकडाच गेला.

धडाम वगैरे काही होत नाही. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण थांबते, बस्स. वर्षानुवर्षं जी कानात असते म्हणून ऐकू येत नाही, ती गेली की ऐकू येते. बाहेर कावळा ओरडला. ताईच्या हातात मूठ तशीच होती. आता ती फिरवली काय आणि न फिरवली काय.

एकटीने काढून काही झालं नसतं, असं नंतर सगळे म्हणाले. प्रत्येक सबस्टेशनात ऑपरेटरला हेच सांगून धीर दिला गेला. आणि प्रत्येकाच्या बाबतीत ते खरं होतं.

तिला घरी जाता येईना. मेलेलं जाळं उठवताना ऑपरेटरने जागा सोडायची नसते. फोन काही वेळ चालले. तेवढ्यात तिने वहिनीला सांगितलं, "मशीनचं बटण तेवढं चालू ठेव. बाकी सगळं बंद कर. पंखा, फ्रिज, सगळं. सगळ्यांनी चालू ठेवलं तर लाईट आली की ओझ्याने परत जाते."

"समोरच्यांचं चालू आहे, वन्सं. सगळ्यांचंच चालू आहे."

"असू दे. आपण बंद करायचं."

"बरं," वहिनी म्हणाली. "लवकर आणा हो." मग फोनही गेले.

ऊन कलल्यावर नियंत्रण केंद्राच्या थेट फोनवरून हुकूम आला: पहिली लाईट जावयाला. अर्थात. लांबच्या धरणावरून थोडीशी वीज ओढत ओढत आणली होती, आजाऱ्याला चमच्याने पाजावी तशी. ताईने मूठ उजवीकडे फिरवली. जावयावरचा प्रत्येक एसी, प्रत्येक कूलर, सिनेमागृहाची सगळी यंत्रं बटणं उघडी ठेवून बसली होती. एका घासात सगळं ओढलं. ओझ्याने लाईन परत बंद पडली. गाडीवर भोंगा लावून माणूस फिरवला, बटणं बंद करा, बटणं बंद करा. लोकांनी खिडकीतून ऐकलं आणि शेजारी बंद करतोय का ते पाहिलं. पुन्हा फिरवली, पुन्हा पडली. दर वेळी धरणाकडची वीज गोळा होईपर्यंत वाट बघायची. दर वेळी ताईच्या डोळ्यांपुढे निळे ओठ.

अंधारून आल्यावर कधीतरी लाईन टिकली. जावयाचा काटा सरसर चढला आणि थरथरत उभा राहिला. ताई त्या काट्याकडे बघत राहिली. एवढ्या मोठ्या ओझ्यात दादाचं मशीन किती? काटा हलवण्याएवढंही नाही. पण होतं, त्यातच होतं.

थोड्या वेळाने बगळा आला. हात रिकामे. शर्टाची बाही फाटलेली. दाराशीच उभा राहिला, दोन्ही पायांवर.

"सिलेंडर?"

"नाही मिळाला. दुकानापुढे मारामारी चाललीय. माझ्या हातातून ओढून नेला एकाने. त्याच्या कडेवर पोरगी होती, ताई. मी सोडला."

"असू दे," ताई म्हणाली. "लाईट आली ना आता. मशीन सुरू झालं असेल."

बगळ्याने मान खाली घातली.

"झालंय," तो म्हणाला. "तुम्ही घरी जा. मी बसतो इथे."

ती तशीच निघाली.

घरात दिवा नव्हता. वहिनीने खरंच सगळी बटणं बंद ठेवली होती. खोलीत समोरच्या घरातल्या मेणबत्तीचा थोडा उजेड येत होता आणि मशीन चालू होतं. नळी उशीवर पडलेली, तिच्यातून फुसफुस हवा येत होती आणि दादाच्या कानाजवळचे केस हलत होते. बाकी काही हलत नव्हतं. वहिनीच्या हातात जुन्या पुस्तकाचं पुठ्ठ्याचं कव्हर होतं. त्याने ती दुपारपासून वारा घालत होती. अजून घालत होती.

"तुम्ही सांगितलं तसंच केलं, वन्सं," ती म्हणाली. "मशीन सोडून सगळं बंद."

ताई पलंगाच्या कडेला बसली. मशीन बंद करायला हात पुढे केला. वहिनीने तो धरला आणि बाजूला ठेवला.

माणसं यायला लागली. दवाखान्यातल्या त्या उघड्या माणसाला मोबाईलच्या उजेडात शिवलं, असं कुणीतरी सांगत होतं. तो जगला की नाही, ते ताईने विचारलं नाही. कुणीतरी म्हणालं, साहेबांनी बातमीवाल्यांना सांगितलं की उन्हाची लाट फार मोठी होती. यावर हळहळ झाली. ऊन सगळ्यांना सोयीचं होतं. त्याची बदली करता येत नाही.

समोरचे काका बराच वेळ भिंतीला टेकून उभे होते. मग जवळ आले.

"काकूंचं निभावलं, ताई. दादाच्या सिलेंडरवर. जन्मभर विसरणार नाही मी."

ताईने मान हलवली. काका गेले नाहीत.

"ही वेळ नाही, कळतं मला," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पण ती तुमची वायर… म्हणजे आता तुमच्याकडे तशी… बगळ्याला एक शब्द टाकाल का?"

ताईने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काका, जावयाचीसुद्धा गेली होती आज. दुपारपासून अंधारेपर्यंत. सिलेंडर भरून ठेवा."

"ठेवू की," काका म्हणाले. "पण लाईन मिळाली, तर सिलेंडरची कटकट कशाला?"

त्यांच्या खांद्यावरून ताईला दार दिसत होतं. काकू उंबऱ्यावर टेकल्या होत्या. चार पावलांत दमल्या होत्या, चौकट धरून श्वास ओढत होत्या. ओठ निळसर. ताईला ते ओठ ओळखीचे होते.

कारण बरोबर होतं.

"उद्या सांगते बगळ्याला," ती म्हणाली.